जेवणाच्या सुट्टीतले तीन ताके

आबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मी अजूनही खुनाचा सिनेमा शेवटपर्यंत बघत नाही. मध्येच उठते आणि ओट्याशी जाऊन भांडी घासत बसते. मुलं म्हणतात, आई घाबरते. त्यांना कसं सांगू, की त्यांच्या वयाची असताना मी सुरतेतल्या उधन्याच्या त्या व्हिडिओ पार्लरमध्ये तुमच्या शेजारी बाकड्यावर बसून असले सिनेमे डोळे न मिटता बघायचे. सुट्टीचा खाडा असला की तुम्ही मला घेऊन जायचात. आई चिडायची, पोरीला पुरुषांत कुठे नेता म्हणून. तुम्ही ऐकायचा नाहीत. पडद्यावरचं शहर आपल्या गल्लीसारखंच असायचं, धुराड्यांचं, पत्र्याच्या शेडांचं, काळ्या पाण्याच्या नाल्याचं. अर्धा सिनेमा झाला, की तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणायचात, "देख पोरी, हाऊच खूनी शे." आणि तोच असायचा. मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, माणूस खोटं बोलण्याआधी एकदा दाराकडे बघतो. तुमच्याइतका हुशार माणूस मला अख्ख्या सुरतेत दिसत नव्हता.

खात्यातही, म्हणजे मागांच्या शेडमध्येही, सगळ्यांना हे माहीत होतं. चाळीस मागांचे तुम्ही मुकादम, आणि शेठ तुम्हाला जासूस म्हणायचे. म्हणून एकदा विणून तयार झालेले कापडाचे तीन ताके दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गायब झाले, तेव्हा शेठ पोलिसांकडे गेले नाहीत. "तू तो मोटो जासूस छे ने, शोधी आप," एवढंच म्हणाले. त्या रात्री तुम्ही जेवताना किती खूश होतात, आबा. सुट्टीत कोण कुठे होतं, ते आईला एकेक करून सांगत होतात. सगळ्यांचा पत्ता लागला होता. फक्त एकाचा लागत नव्हता.

तो परभणीकडचा कारागीर. आपल्या मागच्या खोलीत चौघांबरोबर राहायचा, सणाला आपल्याकडे जेवायचा, तुम्हाला मामा म्हणायचा. त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या बायकोचं पोस्टकार्ड आलं, की ते मी वाचून दाखवायचे, पण नेहमी तुम्ही किंवा आई घरात असताना. ताके गेले त्याच दुपारी कार्ड आलं आणि त्याला धीर धरवला नाही. सुट्टी होताच तो धावत आला. आई भरतकामाच्या कारखान्यात गेली होती. मी चौदा वर्षांची, घरात एकटी. त्याने उंबऱ्यातच बसून घेतलं. मी वाचलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. त्याने ते तीनदा वाचायला लावलं. मग उत्तर लिहून घेतलं, आणि भोंगा झाला तसा उठून पळाला. जाताना म्हणाला, "ताई, म्या आलतो हे मामाला नको सांगू. तू एकलीच होतीस, तुला मार बसंल."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आले, तेव्हा तुम्ही त्याला दोन मागांच्या मधल्या जागेत स्टुलावर बसवलं होतं. सगळे माग बंद होते. खातं एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. कारागीर भिंतीला टेकून उभे, शेठची तीन माणसं मागे. मी दारातच थांबले. तुम्ही त्याच्याभोवती सावकाश फिरत होतात, अगदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखे. विचारलंत, "काल सुट्टीत कुठे होतास?"

त्याने दाराकडे बघितलं. माझ्याकडे.

"चहा प्यायला गेलतो, मामा."

तुम्ही हसलात. चहावाल्याला आधीच आणून उभं केलं होतंत. तो म्हणाला, हा काल आलाच नाही. मग शेठच्या दोघांनी त्या परभणीवाल्याचा उजवा हात मागाच्या लोखंडी चौकटीवर दाबून धरला आणि तिसऱ्याने लाकडी दांडा उचलला. पहिल्या फटक्याला तो ओरडला. दुसऱ्याला त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी डबा छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं असतं, तर एवढंच म्हणायचं होतं, तो आपल्या घरी होता. पण मग तुम्ही विचारलं असतं, घरात अजून कोण होतं. तिसऱ्या फटक्याला तो म्हणाला, "व्हय, म्याच घेतले." तुम्ही माझ्या हातातून डबा घेतलात आणि तिथेच बसून जेवलात.

त्याची तीन बोटं कामातून गेली. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला बोटं लागतात, त्यामुळे माग त्याच्यासाठी संपला. जाताना तो आपल्या दारात आला नाही. मुलीसाठी घेतलेलं झबलं खोलीवाल्यांनी त्याच्या पिशवीत कोंबलं, कारण त्याला घडी घालता येत नव्हती. शेठने तुम्हाला मनगटी घड्याळ दिलं. दिवाळीनंतर पुन्हा ताके गेले आणि या वेळी शेठचा मेहुणाच टेम्पोसकट सापडला. ते प्रकरण घरातल्या घरात मिटलं. तुम्ही आम्हाला काही सांगितलं नाहीत. घड्याळही उतरवलं नाहीत. दोन आठवड्यांनी आपण पुन्हा सिनेमाला गेलो. अर्धा झाला, पाऊण झाला, मी कान तुमच्याकडे करून बसले होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मग मागांवरच्या धुळीने तुमची छाती भरली. सरकारी दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुमच्यापाशी होते. माझं लग्न झालेलं, पदरी दोन मुलं. एका सकाळी तुम्ही आपणहून बोललात, "त्या परभनीवालानी नही लियेल व्हतात ताका. माले माहीत शे." मी तुमची उशी नीट केली. थोड्या वेळाने तुम्ही श्वास गोळा करून म्हणालात, "पन मंग तो खोटं काबं बोलना?"

तो खोटं का बोलला, इतकी वर्षं तुम्ही तेच शोधत होतात, हे मला तेव्हा कळलं. तुमचे डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, "माले काय माहीत," आणि चमच्याने तुमच्या तोंडात पाणी घातलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

मुलं समजतात तशी मी घाबरट नाही, आबा. चौदाव्या वर्षी भीतीने गप्प बसले, ते खरं. पण दवाखान्यात मला तुमची कसलीच भीती उरली नव्हती. तुम्ही उत्तर न मिळता जावं, असं मला वाटत होतं.