डेस्मंडचं इंजिन

७ एप्रिल, रविवार

झाला एकदाचा सोहळा. जुन्या गाड्यांच्या क्लबचे सगळे म्हातारे टोप्या काढून आमच्या गॅरेजसमोर उभे! हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी पहिल्यांदा सुरू करायची ती सगळ्यांदेखत, ही त्यांची जुनी रीत. एका घरी इंजिन ऐकायचं, चहा ढोसायचा, की चालले पुढच्या घरी. बाकीच्यांकडे थट्टामस्करी चालते. आमच्याकडे आले की चर्चमध्ये आल्यासारखे गप्प. कारण ही डेस्मंडची एमजी, आणि आत डेस्मंडने स्वतः बांधलेलं इंजिन. डेस्मंड, थेल्माचा पहिला नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली. थेल्माशी माझं लग्न होऊन सहा. तरी गाडी डेस्मंडची, आणि मी चहा देणारा.

किल्ली नेहमीप्रमाणे क्लाइव्हने फिरवली. तो डेस्मंडचा जिवलग, शिवाय क्लबचा मेकॅनिक. मला आजवर कुणी विचारलेलंसुद्धा नाही. इंजिन खोकलं, थुंकलं, मग गुरगुरायला लागलं. थेल्माने डोळे मिटले. दरवर्षी मिटते. मी तिथे बिस्किटांची बशी घेऊन उभा असतो. माझ्याकडे बघून तिने कधी असे डोळे मिटलेले नाहीत.

पण आज गंमत झाली. दोन मिनिटांत खालून टक् टक् ऐकू यायला लागलं. तेलाच्या दाबाचा काटा पार झोपला. क्लाइव्हचा चेहरा पडला. त्याने घाईघाईने बंद केलं. सगळे सुतकी तोंडं करून थेल्माकडे बघत होते. मी खाली मान घालून चहा ओतत राहिलो, कारण मला हसू आवरत नव्हतं.

८ एप्रिल

क्लाइव्ह गाडीखाली पडून तपासून गेला. आतली बेअरिंगं गेली आहेत. म्हणाला, ‘‘एक तर सगळं उघडून नव्याने बांधायचं. नाही तर...’’

‘‘नाही तर काय?’’

‘‘नाही तर काही नाही, विल्फ.’’

रात्रीच्या जेवणानंतर थेल्माने विचारलं, ‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘मला काहीही चालेल.’’

‘‘मलाही.’’

मग तिने बश्या धुतल्या, मी पुसल्या. आमच्या घरी मोठे निर्णय असेच होतात. म्हणजे होत नाहीत.

१२ एप्रिल

थेल्माला न सांगता हेरफर्डला जाऊन आलो. तिथे गेथिन नावाचा एक वेल्श माणूस आहे, तो जुन्या गाड्यांची इंजिनं काढून त्या जागी विजेवर चालणारी मोटर बसवतो. त्याने मला अशाच एका जुन्या लाल गाडीतून फिरवून आणलं. काय सांगू! आवाजच नाही. कुंपणातली पाखरं ऐकू येत होती. क्लच नाही, गिअर नाही. ‘‘तुमच्या मिसेसचा गुडघा दुखतो म्हणता ना? त्या स्वतः चालवतील की,’’ म्हणाला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं: डेस्मंडचा आवाज कायमचा बंद करायचा.

‘‘जुन्या इंजिनाचं काय करतात?’’

‘‘ठेवतात गॅरेजच्या कोपऱ्यात. काही हौशी लोक वर काच टाकून टेबल करतात, बैठकीच्या खोलीत.’’

म्हणजे माझ्या चहाच्या कपाखाली डेस्मंड. नको रे बाबा.

१३ एप्रिल

थेल्माला सांगून टाकलं. विणकाम खाली ठेवून तिने ऐकून घेतलं.

‘‘किती शांत असतं?’’

‘‘अगदी. कुजबुजलं तरी ऐकू येईल.’’

ती थोडा वेळ सुईशी चाळा करत बसली. मग म्हणाली, ‘‘पण आवाज नसलेली गाडी तुला चालेल का?’’

बघा! मला चालेल का म्हणे. सरळ ‘नको’ म्हणवत नाही, म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक. मी म्हटलं, ‘‘माझं काही नाही, तुझी इच्छा महत्त्वाची.’’ तर ती म्हणते, ‘‘छे, तुझी.’’ आणि पुन्हा विणायला लागली.

२० एप्रिल

पबमध्ये क्लाइव्हने गाठलं. ‘‘काय रे, डेस्मंडला बाहेर काढतोयस म्हणे?’’

इंजिनाला नाही हं. डेस्मंडला!

मग सगळ्यांनी मिळून माझी शिकवणी घेतली. इंजिनावरचा नंबर गाडीच्या कागदांशी जुळला पाहिजे. उन्हाळी प्रदर्शनात परीक्षक टॉर्च आणि आरसा घेऊन तो नंबर बघतात. नंबर जुळला नाही तर ती गाडी नव्हेच, नुसता मुखवटा. हे सगळं मला पाठ आहे. सहा वर्षं दुसरं ऐकतोय काय मी?

उठताना क्लाइव्ह माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘मत्सर वाईट बरं का, लेका.’’ सगळ्यांसमोर! मी म्हटलं, ‘‘मला? मेलेल्या माणसाचा?’’ आणि हसायला गेलो, तर बिअर नाकात गेली.

घरी आलो तर जिन्यातल्या फोटोत डेस्मंड आहेच. पांढरा मफलर, केस वाऱ्यावर, हातात गाड्यांच्या डोंगर-शर्यतीचा चषक. जन्मभर मी काय केलं? पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळले. पंपासमोर कोणी टोपी काढत नाही. या घरात मी पहिल्यांदा आलो तोही पाण्याचा दाब कमी येतो म्हणून बघायला. तेव्हासुद्धा क्लाइव्ह अंगणात हेच इंजिन चालू करून कुणाला तरी ऐकवत होता. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली ती बाई दारात डोळे मिटून उभी. मीही काहीतरी बरं बोललो असेन. तेव्हा कळायला हवं होतं.

जिवंत माणसाशी भांडता येतं. निदान त्याला पोट सुटतं, टक्कल पडतं. हा आहे तसाच.

२१ एप्रिल

हो, जळतो मी. वहीत लिहायला काय जातंय.

२ मे

ठरलं. मूळ इंजिनच ठेवायचं.

मोठ्या मनाने वगैरे नाही. काढलं तर उरलेला जन्म लोक म्हणणार, जळून काढलं. आणि थेल्मा काही बोलणार नाही, हे त्याहून वाईट. पण ते मी उघडलं, मी बांधलं तर? नंबर त्याचा राहील, आतला सगळा जीव माझ्या हातचा. मग मिटू देत डोळे!

क्लाइव्हला म्हटलं, तू नुसता बाजूला उभा राहा. पंप काय नि इंजिन काय, धातूच शेवटी. तो तयार झाला.

थेल्माला जेवताना सांगितलं, ‘‘मूळचंच ठेवू या. तुझ्यासाठी.’’

तिने विचारलं, ‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

‘‘छान,’’ म्हणाली, आणि उठून आत गेली, उद्याचे बटाटे सोलायला. आजच उद्याचे! डोळे पुसायला गेली असणार.

१७ मे

इंजिन बाहेर. साखळीला लोंबकळताना अगदीच लहान दिसलं. एवढ्याशा गोष्टीने सहा वर्षं छळलं.

८ जून

आजचा दिवस सोन्याचा! पुढचं ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, उलटं बसवलेलं निघालं. महान डेस्मंडने, स्वतःच्या हाताने! म्हणून ही गाडी जाईल तिथे तेल सांडायची, आणि सगळे कौतुकाने म्हणायचे, जातिवंत इंग्लिश गाडी अशीच गळते. क्लाइव्हने ते सील हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि हळूच खाली ठेवून दिलं. मी फक्त शीळ घातली.

जेवताना थेल्माला सांगितलं. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. वाटलं, रागावेल. ती हसायला लागली. इतकी हसली की चमचा खाली ठेवावा लागला. ‘‘उलटं?’’ म्हणे, आणि पुन्हा हसू. अंगणातले तेलाचे डाग घासून घासून तिचे हात दुखायचे म्हणाली. मला बरं वाटलं, पण थोडं चमत्कारिकही वाटलं.

१४ जुलै, रविवार

चाललं! टकटक नाही, गळती नाही. काटा ताठ उभा. आज किल्ली मी फिरवली. क्लाइव्हने टोपी काढली, आणि बघत होता माझ्याकडे. म्हणाला, ‘‘इतकं चांगलं तर त्याच्या वेळीही वाजत नव्हतं.’’ हे वाक्य मी मरेपर्यंत पुरवून खाणार आहे.

थेल्माने डोळे मिटले. या वेळी ते माझ्यासाठी होते!

मग आम्ही दोघंच मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवरून निघालो. छत उघडं, ऊन, इंजिन नुसतं गात होतं. वळणावर ती काहीतरी म्हणाली. मी ओरडलो, ‘‘काय?’’ तिने परत सांगितलं. ‘‘काय?’’ मग तिने ‘काही नाही’ असा हात हलवला आणि बाहेर बघत बसली. इतका सुखी मी कधी नव्हतो.

१५ जुलै

बश्या पुसताना विचारलं, काल काय सांगत होतीस? म्हणाली, ‘‘शेतात लाल खसखस फुलली होती, ती दाखवत होते. जाऊ दे. डेस्मंडलाही कधी ऐकू जायचं नाही.’’

‘‘पण तुला तो आवाज आवडतो ना? डोळे मिटतेस की.’’

‘‘डोकं ठणकतं रे माझं. पहिल्या लग्नाच्या दिवसापासून.’’

‘‘मग ठेवलीस कशाला गाडी?’’

ओली बशी तशीच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. ‘‘विकतच होते. तू नळ बघायला आलास, त्या दिवशी गिऱ्हाईक अंगणात उभं होतं. पण तू म्हणालास, काय सुंदर आवाज आहे. म्हणून त्याला परत पाठवलं.’’

मला त्या आवाजातलं काहीएक कळत नव्हतं. तिच्याशी काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो होतो.