चाकाखालची लिंबं

३ नोव्हेंबर, अवसरी बुद्रुक
मंचरला एसटीतून उतरलो तर संपतभाऊ स्वतः न्यायला हजर. मिस्त्रीला एवढा मान! साताऱ्यात माझ्या सासऱ्यानंसुद्धा कधी दिला नाही. गाडी त्यांच्या वडिलांची, भिकाअण्णांची. पन्नासेक वर्षं कांद्याच्या चाळीत उभी. काळी, गोल बोनेटची, आणि गंजानं अशी खाल्लेली की चहा गाळायला बरी. मुलगा ऋषी लग्नात याच गाडीतून नवरी आणणार आहे. अंजनावहिनींनी मासवडी केली होती, तुडुंब जेवलो. रात्री समृद्धीला फोन केला. तीस तारखेला तिचा वाढदिवस, तोवर बाबा घरी. शब्द दिलाय.

८ नोव्हेंबर
तळाचा सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला. एक गंमत सापडली. चारही दारांना आतून हँडल नाही. तुटलेली नाहीत, करवतीनं कापल्यासारखी साफ. संपतभाऊ म्हणाले, उंदरांनी नेली असतील. लोखंड खाणारे उंदीर! मी हसलो आणि नवी आणून बसवली.

१४ नोव्हेंबर
काचांना, दारांना नवं रबर घातलं. स्वतःची पाठ थोपटून घेतो, पण पाण्याचा थेंब आत येणार नाही.

१६ नोव्हेंबर
इंजिन सुरू झालं. त्या आनंदात गाडी चाळीच्या दारापर्यंत नेली आणि परत मागे घेतली. वहिनी चहा ओतत होत्या, त्यांना सांगितलं. लिंबं ठेवली होती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ही नुसती ट्रायल, लिंबं पूजेच्या दिवशी. सगळे मिस्त्री असंच करतात. कप अर्धाच ठेवून त्या आत गेल्या.

१७ नोव्हेंबर
रंग व्हायच्या आधीच पूजा उरकली. हळदकुंकू, नारळ, चारी चाकांपुढे लिंबं. ऋषीला जवळ येऊ दिलं नाही, गाडी मीच पुढे घेतली. उतरून पाहिलं. चाकं लिंबांवरून गेली होती आणि लिंबं अख्खी होती. एकाचीही साल चिरली नव्हती.

मग संपतभाऊंनी सांगितलं. गाडी घरी आली त्या वर्षी लिंबं मुश्किलीनं मिळत होती. त्यांच्या आईनं चाक फिरायच्या आधीच ती उचलली, लोणच्याला. पहिला मान लिंबाचा. तो चुकला की गाडी माणसाचा घेते. त्याच दुपारी भिकाअण्णा आत अडकले. दारं उघडेपर्यंत सगळं संपलं होतं. मी चिडून विचारलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मिस्त्री आला नसता, म्हणाले. यंदा लिंबं नीट ठेवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"गाडी नवी झाली की मान बी नवा लागतो, पावणं. आन चाक तुमी फिरवलंय."

१८ नोव्हेंबर
सकाळी निघणार. काम गेलं खड्ड्यात. झोप नाही.

१९ नोव्हेंबर
काल निघता आलं नाही. हत्यारांची पेटी सापडेना, आणि पेटीशिवाय मी घरी जाऊन करू काय. आज भरदुपारी दिसली, गाडीच्या मागच्या सीटवर. मी ठेवली नव्हती. हात लांबवला, पोचेना. एक गुडघा आत टेकला, दुसरा पाय उचलला—

दार लागलं. हळूच.

हँडल नाहीत. मी बसवलेली. साफ कापलेली.

फोन चाळीत, चार्जिंगला. खिशात ही वही आणि गाडीची चावी तेवढी.

हातोडा मारला. काचेला ओरखडा नाही. संपतभाऊंनी बाहेरून पहार घातली, पहार वाकली. ओरडतोय, त्यांना ऐकू जात नाही. रबर माझंच—

वहिनी आल्या. हातात ताट. रडतायत. चाकांपुढे वाकल्या. मला काचेतूनच ओवाळलं. ऋषीला संपतभाऊंनी दंडाला धरून लांब नेलं. मी मान हलवतोय, नको, नको—

इंजिन सुरू झालं. चावी माझ्या खिशात आहे.

सरकतेय.

लिंबं फुटली. चारही. आवाज ऐकला. वास आत येत नाही. काहीच आत येत नाही.

म्हणजे मान मिळाला. ऋषीची नवरी सुखरूप घरी—

काच धुरकट. माझ्याच श्वासानं. अक्षर दिसत—

समृद्धी, तीस तारखेला बा—