ज्वारीच्या भुसकटाची तुसू

आई, यंदाही मी तुझी तुसू मांडली. लोक म्हणतात, ती गेली, तिची बोली गेली, आता कुणासाठी मांडतेस? माझ्यासाठी मांडते. कुणाला विचारून मांडत नाही.

तू बंगालातल्या पुरुलियाकडची. बाबा तिकडं रेल्वेच्या कामावर होते, त्यांच्याशी लग्न करून माकणीला आलीस. तुमच्याकडच्या पोरी मातीच्या भांड्यात भाताचं तूस भरून वर झेंडू खोचतात, तीच तुसू देवी. महिनाभर रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणायची आणि संक्रांतीला तिला पाण्यात सोडायची. माकणीत भात कुठला? तू सुगडात ज्वारीचं भुसकट भरलंस. काठावर दोन टोळ्यांनी एकमेकींच्या तुसूला जागच्या जागी कडवी रचून नावं ठेवायची असतात. इथं दुसरी टोळी म्हणजे मी. तू तुझ्या बोलीत गायचीस, मी मराठीत उलटून गायचे, की तुझी तुसू नकटी, तिला नवरा मिळंना. तू हसून हसून खाली बसायचीस.

अजून डोळ्यांपुढं येतं: शेजारच्या घरातली थोरली आत्या दारात उभी आहे. "आगं, ह्ये काय गाणं म्हणायचं का? चार बायांत हसू हुतंय आमचं. लेकराला तर शिकवूच नको." तू भाकरी थापता थापता तिच्यावरच कडवं रचतेस. तिला ते कळत नाही, म्हणून ती जास्तच चिडते.

मध्यंतरी लातूरला एका ओळखीच्या घरी कोलकात्याच्या बाई भेटल्या. मी गायले तर म्हणाल्या, ही काही शुद्ध बांगला नव्हे. मी म्हटलं, नसू दे. शुद्ध तुमच्याकडं ठेवा, मला माझ्या आईची पुरते. माझा आवाज चढला होता. त्याचं मला काही वाटत नाही.

संक्रांतीला सुगड घेऊन धरणावर निघाले, तर आत्या काठी टेकत मागं आली. अडवणार असंच वाटलं. काठावर मी तुझं कडवं म्हटलं आणि थांबले, कारण पलीकडून गायला कुणी नव्हतं. तेवढ्यात आत्या थरथरत्या आवाजात गायला लागली:

"तुझ्या तुसूचं भुसकट ओलं,
आमच्या म्हशीनं बी न्हाय खाल्लं."

चाल तुझीच होती. इतकी वर्षं दारात उभी राहून तिनं ती उचलली होती.

आता उत्तर द्यायची पाळी माझी, आणि तुझ्या बाजूनं, तुझ्या बोलीत. आई, मला तू गायलेली कडवी तेवढी येतात. नवं रचता येत नाही. उत्तर दिल्याशिवाय तुसू सोडायची नाही, हे तूच शिकवलंस. गावात सोडली म्हणून सांगितलंय. सुगड माझ्या फडताळात आहे.