अनंतावर थांबलेली सुई

मंगळवार, लातूर. संध्याकाळ.

निलंग्याच्या तेल मिलमधला जुना ट्रान्सफॉर्मर आज मी पास केला. इन्सुलेशन मोजायच्या मेगरची सुई सरळ अनंतावर जाऊन थांबली, म्हणजे आतलं इन्सुलेशन उत्तम. एवढ्या म्हाताऱ्याचं इतकं उत्तम? बसमध्ये हेच डोक्यात.

घरी आल्यावर मेगरच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना जोडून हँडल फिरवलं. सुई शून्यावर यायला हवी होती. अनंतावरच राहिली. एक वायर आतून तुटलेली. म्हणजे दुपारी मी काहीच मोजलं नव्हतं.

ही खात्री मी नेहमी आधी करते. आज का नाही? हा सेकंडहँड मेगर मीच हट्टानं घेतला होता. तो चांगला निघावा, असं वाटत होतं बहुतेक.

मिलच्या दत्तूमामांना फोन केला. सकाळी स्विच तेच टाकणार होते, आणि आतलं इन्सुलेशन खराब असेल तर ट्रान्सफॉर्मर तिथंच फुटू शकतो.

“मामा, उद्या चालू करू नका.”

“दुपारी पास, आता नापास! म्याडम, तुमचा मेगर लई लहरी हाय.”

“मेगर नाही, मामा. चूक माझी.”

“बरं. स्विचच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात ऱ्हाती. या तुम्ही निवांत.”

वायर बदलली. सुई शून्यावर आली. तरी मामांचा स्विचवरचा हात डोळ्यांसमोरून हलत नाही.