चिमणीला सीनियर टीममध्ये इतक्यात नको

४ नोव्हेंबर, मंगळवार
कोचनी आज जाहीर केलं. रविवारच्या हॉकी मॅचला सीनियर टीमची गोलकीपर चिमणी. म्हणजे माझी मुलगी. वय पंधरा! नेहमीच्या गोलकीपरचा गुडघा गेलाय. आता राखीव गोलकीपर म्हणून इतके सीझन मी बाकावर काढलेत, पण तो मुद्दाच नाही. मला आनंदच झाला. काळजी आहे ती फक्त पोरीच्या विकासाची. कोवळ्या वयात वर चढवलं की खेळाडू करपतात. कुठेतरी वाचलंय. नसेल वाचलं तरी खरं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
कोचना गाठलं. आई म्हणून बोलले. म्हटलं, फळ पिकायच्या आधी तोडू नका. ते म्हणाले, पिकून गळायला आलेल्याचं तरी काय करू? कुणाबद्दल बोलत होते कळलं नाही. बाग असेल त्यांची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चिमणीला विचारलं, टेन्शन आलंय का गं? नाही म्हणाली. दडपणाखाली मुलं असंच म्हणतात. म्हणून जेवताना विचारलं, भांडी पुसताना विचारलं, बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं. तेव्हा रडली. नवऱ्याला म्हटलं, बघ, आलं की नाही टेन्शन? तो म्हणाला, आलं नाही, आणलंस. शब्दांच्या खेळात मी पडत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मॅच. पोरीने बरेच बॉल अडवले. नशीब. तिला धीर यावा म्हणून मी गोलच्या मागे उभी राहून घाबरू नकोस, घाबरू नकोस, असं सारखं ओरडत होते. अंपायरने मला कुंपणाबाहेर काढलं. नेमका तेव्हाच गोल बसला, कारण चिमणी वळून माझ्याकडे बघत होती. लक्षच नाही. वय! एका गोलने हरलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
चिमणी स्वतःच कोचना म्हणाली, पुढची मॅच आईला खेळू द्या, मी बसते. किती समंजस पोर. मी नाइलाजाने हो म्हटलं. माझे पॅड्स सकाळपासून गॅलरीत उन्हात होते, ते केवळ वास जावा म्हणून.

१६ नोव्हेंबर, रविवार
मध्यंतरापर्यंत आठ गोल. पहिले दोन उन्हामुळे. तिसरा वाऱ्यामुळे. चौथा आपल्याच टीमच्या एका पोरीच्या स्टिकला लागून. पुढचे इतक्या भराभर झाले की कारणं सुचायला उसंतच मिळाली नाही. कोच म्हणाले, घाईने वर चढवलं की नुकसान होतं, तुमचं पटलं मला. कुणीतरी माझं ऐकलं, तर बरं वाटायला हवं होतं.

नंतर चिमणी मैदानात उतरली. एकही गोल नाही.

मॅच संपली तरी चेंजिंग रूममध्ये माझ्या पॅडचं बकल निघेना. चिमणी खाली बसून ते सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, आई, सहाव्या गोलला तू कसली झेप घेतलीस गं! कधी केलीस प्रॅक्टिस?

म्हटलं, खूप वर्षं झाली.

पाय घसरला होता.