होणाऱ्या सासऱ्यांना न उचलल्याबद्दल

डहाणू रोड, ता. ३ फेब्रुवारी १९६५

ती. अंबूताईस अमृतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक, फक्त माझे लग्न बहुतेक मोडले. जमवलेस तू, म्हणून आधी तुलाच कळवतो. काल बकुळाचे वडील महादेवकाका आमच्या गवताच्या वखारीत आले. गासड्या उचलणारी माझी फोर्कलिफ्ट त्यांनी चारी बाजूंनी पाहिली आणि पुढच्या दोन लोखंडी दात्यांवर मांडी घालून बसले. म्हणाले, बैल घेताना मी आधी त्याच्या गाडीत बसून पाहतो, जावयाचेही तेच, उचला. दात्यांवर माणूस चढवायचा नाही हा पहिला नियम, असे मी हात जोडून सांगितले. ते हलेनात. मी किल्ली काढून खिशात घातली. त्यांनी तिथेच पान लावले. काम खोळंबले, मुकादम त्यांच्या पाया पडला. संध्याकाळी उठले ते तडक निघून गेले.

ताई, मुलगी मला फार आवडली आहे. काहीतरी कर. तुझा लोभ या प्रकरणानंतरही राहावा.

तुझा अमृत

बोर्डी, ता. ७ फेब्रुवारी

चि. अमृतास अंबूताईचे अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, हातभर उचलले असतेस तर काय आभाळ कोसळणार होते? जावयाने मला गासडीइतकीही किंमत दिली नाही, असे काका गावभर सांगत फिरतात. वर चढल्याशिवाय मुलगी देणार नाही म्हणतात. बकुळा धड जेवत नाही. तुझे भाऊजी म्हणतात, काकांना गवतात बांधून उचल, म्हणजे नियमही मोडणार नाही. एकदा उचल बाबा. नियम काय तुला भाकऱ्या थापून घालणार आहे?

रागावू नकोस, पण थोडी अक्कल असू दे.

तुझी ताई

बोर्डी, ता. १७ फेब्रुवारी

चि. अमृतराव यांस अनेक आशीर्वाद.

पत्र खाटेवरून लिहीत आहे. तुम्हाला कळले असेलच, पण माझ्याकडूनही ऐका. तुमच्या रजेचा दिवस साधून मी वखारीत गेलो. दुसरा ड्रायव्हर मोठा अदबशीर, एका शब्दात तयार झाला. पार छपरापर्यंत गेलो. फार बरे वाटले. तेवढ्यात खालून मुकादमाने नमस्कार केला. नमस्कार घेतला नाही तर माणूस माजला म्हणतात, म्हणून मी धरलेले दोन्ही हात सोडून जोडले.

गासड्यांवर पडलो म्हणून वाचलो. उजवा पाय मोडला. फेटा अजून सापडलेला नाही.

लग्न वैशाखात धरू, तोवर पाय बरा होईल. बकुळा आता पोटभर जेवते. माझे वागणे पोटात घालावे.

त्या ड्रायव्हरने माझा मान राखला, अमृतराव. तुम्ही मला राखले असते.

आपला,
महादेव