तळघराच्या चौदा पायऱ्या

डेटन, ओहायो
१२ फेब्रुवारी १९८६

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. घर ठरलं! आपल्या टेनेसीतलंच, डोंगरापलीकडच्या लॉरेल खोऱ्यातलं, ओडेल प्रुइटचं. तीस वर्षं इथल्या कारखान्यात दुसऱ्यांच्या मोटारींना ब्रेक बसवले, आता पुरे. घरामागे एक सपाट तुकडा आहे, तिथे सुतारकामाची शेड बांधणार आणि हात चालतील तोवर खुर्च्या करणार. साठवलेलं सगळं यात घातलंय, तेव्हा आता माघार नाही.

एकच विचारायचं होतं. बँक म्हणते, टायटलचा, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काचा, विमा काढा. म्हणजे मागच्या शंभर वर्षांतला कुणी हक्कदार उगवला, तर विमा कंपनी भांडणार आणि भरपाईही देणार. पण गंमत बघ, हा विमा बँकेच्या रक्षणाचा आणि पैसे मात्र मी भरायचे! आपल्याला संरक्षण हवं तर आपला वेगळा काढायचा. लोरीन म्हणते काढून टाकू या, एकदाच तर भरायचे आहेत. रजिस्ट्रार कचेरीत तू एकतीस वर्षं काढलीस, तेव्हा तूच काय ते सांग.

उत्तराची वाट पाहतो. रागावू नकोस, ही आगाऊ विनंती.

तुझा,
हॉलिस

---

ब्रायर्सबर्ग, टेनेसी
२१ फेब्रुवारी १९८६

चि. हॉलिसला अ. उ. आ. आणि एक कानपिचकी.

अरे, पैसे वर आलेत का तुझे? टायटलचा विमा त्यांनी काढावा ज्यांना बहीण नाही. कंपनीची माणसं काय करतात, तर मी माझ्या हाताने लावून ठेवलेली बुकं चाळतात आणि त्याचे पैसे घेतात. मी निवृत्त झाले म्हणून काही माझे डोळे निवृत्त झाले नाहीत.

काल कचेरीत गेले, माझ्या जागेवर आलेल्या नव्या पोरीला खुर्चीवरून उठवलं आणि प्रुइटांच्या जमिनीचा सगळा सर्च स्वतः घेतला. सगळी बुकं पाहिली. ओडेलच्या काकाने एका खेचरापायी जमीन गहाण टाकली होती, ती सोडवल्याचीसुद्धा नोंद सापडली. टायटल धुतल्या तांदळासारखं आहे. बँकेचा विमा बँकेला लखलाभ. तुझा विमा मी.

लोरीनला म्हणावं, काळजी करायला दुसरं काहीतरी शोध.

तुझी एकुलती एक, आणि म्हणून जपून ठेवण्यासारखी,
व्हर्नाताई

---

लॉरेल खोरं
१९ मे १९८६

ती. वन्संना लोरीनचा सा. न. वि. वि.

काल रविवारी चर्चमधून घरी येतो तो काय, दारात अकरा मोटारी! मला वाटलं हॉलिसचंच काही बरंवाईट झालं, पण हॉलिस तर माझ्या शेजारीच बसलेला. माणसं मोजली, सत्तेचाळीस. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात तळलेल्या कोंबडीची पातेली, आणि सगळे आमच्या मागच्या अंगणात.

पुढे एक ओझेला टीग नावाची शहाऐंशी वर्षांची म्हातारी. हॉलिसने शेडच्या पायासाठी बांधलेल्या दोऱ्या तिने काठीने वर उचलल्या आणि खालून गेली. आमच्या मांस भाजायच्या चुलीपुढे थांबली आणि मला म्हणाली की पोरी, माझ्या आज्याच्या उशाचा दगड इथे काय करतोय. वन्सं, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. महिनाभर आम्ही त्या दगडाच्या आधाराने डुकराच्या बरगड्या भाजतोय हो!

तिथे टीग घराण्याच्या नऊ कबरी आहेत. नाव कुठल्याच दगडावर नाही, म्हणून आम्हाला नुसती खडकाळ जागा वाटली. दरवर्षी मेच्या तिसऱ्या रविवारी ही मंडळी कबरी सजवायला येतात आणि तिथेच जेवतात. म्हातारीने बायबलमधून १९११ चं खरेदीखत काढून दाखवलं. जमीन प्रुइटांना विकली, पण तो सपाट तुकडा आणि रस्त्यापासून तिथवरची बारा फूट वाट टीगांच्या वहिवाटीत कायमची राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ओडेलला गाठलं, तर म्हणे तुम्ही विचारलंच नाहीत.

हॉलिस आधी कुंपण घालतो म्हणून ओरडला. म्हातारीने त्याच्या हातात कोंबडीची तंगडी दिली. मग तो खातही होता आणि भांडतही होता. आज सकाळपासून मात्र दोऱ्या गुंडाळत बसलाय. शेड बांधायला दुसरी सपाट जागा नाही, बाकी सगळी टेकडी. मला त्याच्याकडे बघवत नाही.

तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. पण टायटल स्वच्छ असल्याचं तुम्हीच कळवलं होतं, तेव्हा हे कसं झालं तेवढं सांगा. आणखीही एक गोष्ट आहे, पण ती हॉलिसनेच लिहावी असं मला वाटतं.

केळ्यांचं पुडिंग भरपूर उरलंय. आलात तर आनंद होईल.

आपली,
लोरीन

---

ब्रायर्सबर्ग
२४ मे १९८६

सौ. लोरीनला अ. उ. आ.

कोण टीग? कुठले टीग? बायबलमधून काय, कुणीही काहीही काढेल! तो कागद बनावट असणार. माझ्या नजरेतून खरेदीखत सुटलं असं या जिल्ह्यात अजून कुणी म्हणालेलं नाही आणि त्या म्हातारीनेही म्हणू नये. मी कचेरीत जाऊन काय ते बघतेच. हॉलिसला सांग, दोऱ्या सोडू नकोस.

घाईत आहे, मायेत कमी नाही.
व्हर्ना

---

ब्रायर्सबर्ग
९ जुलै १९८६

चि. हॉलिसला,
आशीर्वाद द्यायला तोंड राहिलं नाही, तरी देते.

बघतेच म्हणाले आणि दीड महिना बघायचं टाळलं, कारण काय दिसणार ते मला ठाऊक होतं. १९२० च्या आधीची बुकं कचेरीच्या तळघरात असतात. खाली जायला चौदा पायऱ्या. फेब्रुवारीत माझा गुडघा सुजला होता आणि त्या नव्या पोरीसमोर लंगडत उतरायची मला लाज वाटली. म्हटलं, प्रुइट तिथे माझ्या जन्माआधीपासून आहेत, त्याआधीचं उकरून काय करायचंय! आणि तुला ठोकून दिलं, सगळी बुकं पाहिली. खोटं लिहिलं रे मी.

काल उतरले, एकेका पायरीवर बसत बसत. बुक चौदा, पान तीनशे दोन. इतकं सुबक अक्षर आहे की शाळेतल्या पोरालासुद्धा दिसलं असतं. तुझ्या तीस वर्षांच्या कमाईची मी माती केली. विमा काढू नको म्हणणारीही मीच. अन्न गोड लागत नाही.

आता वाद घालू नकोस. माझ्या घरावर कर्ज काढते. वकिलाचा खर्च माझा आणि टेकडी कापून शेड बांधायचा खर्चही माझा. सोमवारी बँकेत जाते आहे.

तुझी,
व्हर्ना (ताई म्हणायचं की नाही ते तू ठरव)

---

लॉरेल खोरं
११ जुलै १९८६

ती. व्हर्नाताईस (ठरवलं),
शि. सा. न. वि. वि.

बँकेत जाऊ नकोस! आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. विमा आहे. बँकेच्या नव्हे, माझ्या नावाचा.

खरेदीच्या सह्यांच्या दिवशी टेबलापलीकडच्या विमा कंपनीच्या बाईंनी विचारलं, मालकाचाही काढायचा का. तुझं नाव सांगून नको म्हणणार, तेवढ्यात लोरीनने टेबलाखालून नडगीवर अशी लाथ हाणली की तोंडातून हो निघालं. गेले चार महिने मी हे स्वतःला असंच सांगतोय. खरं म्हणजे मलाच काढायचा होता. ताई, तू चुकत नाहीस असं मी लहानपणापासून मानत आलो. पण कधी चुकलीसच, तर भरपाईसाठी तुझ्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मनात होतं.

सांगायची हिंमत झाली नाही. पॉलिसी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात घेवड्याच्या पिशव्यांखाली ठेवली होती, कारण तू आलीस की घरातले सगळे खण उघडतेस. लोरीन रोज मला लिही लिही म्हणत होती. तुझ्या जिवाला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. चुकलो.

कंपनीचा माणूस फितीने मोजून गेला, काल पत्र आलं. टीगांचा हक्क पक्का आहे, तो काही जात नाही. पण त्यामुळे जागेची किंमत जेवढी उतरली तेवढी भरपाई कंपनी देणार. टेकडी कापून शेड होईल. बँकेच्या विम्याचं विचारलं, तर बँक म्हणाली आमचं काहीच बिघडलेलं नाही! आपला नसता तर हात चोळत बसलो असतो.

आता पोटभर जेव आणि मला माफ कर.

तुझाच,
हॉलिस

---

ब्रायर्सबर्ग
१५ जुलै १९८६

चि. हॉलिस आणि सौ. लोरीन यांना अ. उ. आ. लोरीनच्या त्या पायाला वेगळा.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग असा संताप आला की कपाटाचे सगळे खण उघडून पुन्हा लावले. माझ्या सख्ख्या भावाने माझ्याविरुद्ध विमा काढावा! तोही घेवड्याखाली!

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही, गाढवा. ते १९११ चं खत कंपनीला सापडलं असतं, तर त्यांनी पॉलिसीतून ते वगळलं असतं आणि तुला छदाम दिला नसता. पैसे देतायत याचा अर्थ त्यांचा माणूसही तळघरात उतरला नाही! मी आजच कचेरीत जाऊन खात्री केली. सव्वीस वर्षांचा घोडा, दोन्ही गुडघे शाबूत, आणि म्हणे खाली कुबट वास येतो. किती दिवसांनी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! येताना बेकरीतून पीचचा अख्खा केक आणला आणि एकटीने अर्धा संपवला.

आता खरं सांगते. तू मागितले असतेस तर मी घर विकून पैसे दिले असते. पण मग तुझ्या शेडमधल्या खुर्चीवर बसायला मी कधी आले नसते आणि तूही मला बस म्हणाला नसतास. हे तुला सह्या करतानाच कळलं. मला एकतीस वर्षं ती बुकं सांभाळून कळलं नाही.

तेव्हा हॉलिस, यापुढेही प्रत्येक गोष्टीत माझा सल्ला घेत जा. ऐकत मात्र जाऊ नकोस.

तुझी,
ताई